अर्ध्यावर उतरलेला झेंडा

प्रिय बोडिल,

आपल्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, मध्ये नुसतं एक कुंपण, आणि मी तुला पत्र लिहायला बसले आहे. "अगं, हाक मारायची की," असं म्हणशील. पण हाक मारली की तू येतेस, येताना सूप आणतेस, आणि सूप समोर आलं की माझं तोंड बंद होतं. माझी मारेन गेल्यापासून हे असंच चाललं आहे. म्हणून हा कागद.

लाउस्टच्या अंत्यविधीला तू धीरानं उभी राहिलीस. सासरा असला तरी तुझा त्याच्यावर बापाइतका जीव होता, हे सगळ्या बेटाला ठाऊक आहे. तुझा येप्पे आला नाही याची कुजबुज झालीच. बेकरीवाली मला म्हणाली, "आजोबांच्या मातीला नातू नाही, म्हणजे कमालच झाली." मी म्हटलं, "ग्रीनलंड काय मागच्या गल्लीत आहे?" बघ, अजून तुझीच बाजू घेते मी. जुनी खोड आहे, जात नाही.

घरी यायचं मात्र जिवावर आलं. आताशा मी रेडिओ दिवसभर चालू ठेवते, कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं. हवामान सांगणाऱ्या माणसाला परवा मी चक्क उत्तर दिलं. टेबलावर अजून दोन ताटल्या मांडते, एक तशीच उचलून ठेवते. हे तुला माहीत आहे, तू कधी त्यावर बोलत नाहीस, आणि तुझ्या त्या न बोलण्याला मी इतकी वर्षं माया समजत आले.

ती संध्याकाळ तू विसरली नसशील. दुसऱ्या दिवशी येप्पेला अठरावं लागणार होतं आणि मारेन फुगे फुगवायला तुमच्याकडे निघाली होती. मी म्हटलं, "केकला बोटं लावू नकोस." ती म्हणाली, "आई, मी काय पाच वर्षांची आहे?" सोळा वर्षांच्या पोरीशी शेवटचं बोलणं केकवरून झालं, याचं मला फार वाईट वाटतं. सकाळी कॉफी ठेवताना खिडकीतून पाहिलं तर लाउस्ट तुमच्या अंगणात झेंडा चढवत होता. येप्पेच्या वाढदिवसाचा, म्हणजे टोकापर्यंतच जायचा. पण पाहते तो झेंडा अर्ध्यावर, आणि म्हातारा टोपी काढून खांबाखाली उभा. मला वाटलं, गावात कुणी गेलं. मी मारेनला हाक मारली, "ऊठ गं, बोडिलकडे जाऊन विचार, कोण गेलं ते." तिच्या गादीवरची चादर विस्कटलेलीसुद्धा नव्हती. धावत खिडकीशी परत आले तेव्हा तू झोपेच्या कपड्यांत अंगणात होतीस, दोरी तुझ्या हातात होती आणि झेंडा टोकाला फडकत होता.

मग तिची सायकल बंदरावर सापडली आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरगी पहाटेच्या बोटीनं कोपनहेगनला पळाली. मी झेंड्याचं सांगितलं. तू म्हणालीस, वर जाता जाता दोरी अडकली होती. तू बाहेर यायच्या आधीच झेंडा टोकाला जाऊन मग अर्ध्यावर आलेला पाहिल्यासारखं मला वाटत होतं, पण तो पोलीस म्हणाला, "बाई, दोऱ्या अडकतात हो." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तू माझ्या उशाशी बसून म्हणालीस, "थीरा, दुःखात माणसाला नाही नाही ते दिसतं." मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला. खरं सांगू, मलाही तेच हवं होतं. दोरी अडकली असेल तर माझी मारेन कोपनहेगनमध्ये कुठेतरी जिवंत होती. त्याच महिन्यात तुम्ही तुमची होडी विकलीत. येप्पेला समुद्राचा कंटाळा आला, असं म्हणालीस. मी मान डोलावली.

आता परवाचं. लाउस्टसाठी सगळ्या गल्लीनं झेंडे अर्ध्यावर लावायचे होते आणि मला ते कधी करावंच लागलं नव्हतं. होल्गर बुडाला तेव्हा मी अंथरुणातून उठू शकत नव्हते. माझ्या नवऱ्यासाठी आमच्या खांबावरचा झेंडा लाउस्टनंच लावला होता. मी दोरी ओढून मध्येच गाठ मारायला लागले, तर तू कुंपणावरून ओरडलीस, "अगं वेडे, आधी टोकाला ने आणि मग खाली आण. अर्ध्यावरच बांधलास तर म्हातारा शवपेटीतून उठून शिव्या घालेल." मी हसले. झेंडा टोकाला नेला, क्षणभर थांबवला, सावकाश खाली घेतला. आणि माझे हात दोरीवरच थांबले. तू ते पाहिलंस. मग घाईघाईनं आत गेलीस आणि त्या दिवशी सूप आलं नाही.

वर जाताना अडकलेला झेंडा टोकाला पोचत नाही, बोडिल. त्या सकाळी लाउस्टनं तो टोकाला नेऊन खाली घेतला होता, कुणी गेल्यावर घेतात तसा. तुमच्यासाठी गप्प राहायचं त्यानं कबूल केलं असेल. पण ज्या पोरीला त्यानं पोहायला शिकवलं तिच्यासाठी अर्ध्यावर झेंडा न लावणं त्याच्या हातांना जमलं नाही. मला वेड लागलेलं नव्हतं. नुसतं एवढं कळायला म्हाताऱ्याला मरावं लागलं.

रविवारी मारेनचा वाढदिवस आहे. दरवर्षी मी तिच्यासाठी झेंडा टोकाला लावते आणि तू पडदा ओढून घेतेस. यंदा पडदा ओढू नकोस. त्या रात्री होडीत काय झालं, येप्पेचा दोष किती, हे विचारायला मी तुझ्या दारात येणार नाही, निदान त्या दिवशी तरी. नंतर मी काय करीन याचं वचन देत नाही; कुणाकडे जायचं ते मी जाईन. पण आधी मला आई म्हणून एवढं कळू दे की मी तिची वाट पाहायची की तिच्यासाठी रडायचं. तोंडानं सांगणं तुला जमणार नाही, हे मी ओळखते. म्हणून रविवारी सकाळी तुझ्या अंगणातला झेंडा तू आधी लाव, टोकाला, नाहीतर लाउस्टनं शिकवलं तसा अर्ध्यावर. मी खिडकीशी उभी असेन. तुझा पाहून मग मी माझा लावीन.

तुझीच,
थीरा