बिघडलेल्या झडपेचा आवाज

३ मार्च
आमच्या चॅनेलसाठी हृदयाचा तिसरा व्हिडिओ — झडपा. शाळेतल्या पोरांना कळेल असं लिहायचंय. मी लिहिते, वन्सं चित्रं काढतात, हे आवाज भरतात. वर्षानुवर्षं असंच. मग आज यांनी खोलीला आतून कडी का लावली? "अगं, पंख्याचा आवाज येतो." पंखा बंद होता!

५ मार्च
यांच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच चॅनेलचे व्हिडिओ. सगळे हृदयाचेच. मी आत गेले की खटकन बंद. आपलं लिखाण तिकडे देतायत की काय? छे! — पण मग लपवायचं कशाला?

८ मार्च
आवाज तयार. निरोगी हृदय वन्संचं — लब-डब, लब-डब. मग झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं, तो आवाज — लब-फुस्स-डब. अंगावर काटा आला. "हा कुणाचा?" "मिळाला." मिळाला! रस्त्यात पडला होता? दुसऱ्याचा उचललेला निघाला तर चॅनेल बंद, आणि आमचं पोट त्याच्यावर.
वन्सं हसत सुटल्या. "वहिनी, संशय नवऱ्यावर की आवाजवाल्यावर?"
दोघांवर, म्हटलं.

९ मार्च
दुपारी पुन्हा गायब. फोन बंद. आल्यावर शर्ट बदलताना दिसलं — छातीवरचे केस भादरलेले, जागोजागी ठिगळं पडल्यासारखे. या वयात! कुणासाठी?
वन्संना सांगितलं नाही. त्या हसल्या असत्या. मला हसू येत नाही.

११ मार्च
आमचे व्हिडिओ तपासणाऱ्या डॉक्टरबाईंचा फोन. "दुसरा आवाज अस्सल आहे हो. पण पेशंट कोण? त्याला म्हणावं, आता उपचारांना उशीर करू नकोस."
कानाला हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला. त्या फुस्सच्या मागे, अगदी बारीक, एक बाई ओरडतेय — "अहो, चहा निवतोय!"
ती मीच.

१२ मार्च
दुपारी हे आडवे झाले. जवळ बसले, छातीला कान लावला. तोच आवाज. केस काढलेल्या जागी, हृदय तपासताना दवाखान्यात लावतात त्या पट्ट्यांचा चिकटपणा अजून होता.
डोळे न उघडताच म्हणाले, "व्हिडिओ एकदा जाऊ दे, मग सांगणार होतो."