बोट पालथी घालू नये

६ मे १९८६

पोचलो. नांदेडहून लातूर, लातूरहून औसा, आणि औशाहून पानबोरीपर्यंत पाण्याच्या टँकरच्या केबिनमध्ये. कामाला आलोय ते बोट दुरुस्त करायला, हे ऐकून टँकरवाला इतका हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. तळ्यात बेडूक न्हाई राहिला अन् तुम्ही नाव बांधून राहिले, म्हणाला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी इतका हसलो.

हे माझं पहिलं स्वतंत्र काम. वर्कशॉपात आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली फायबरच्या टाक्या जोडल्या, बसची छपरं जोडली. इथं मीच कारागीर आणि मीच साहेब.

काम असं आहे : तलाव आटून पाणी उपशाच्या विहिरीच्या झडपेच्या खाली गेलंय. मधल्या डोहात जे उरलंय ते उपसायचं तर पंप पाण्यावर तरंगता हवा, म्हणजे बोटीवर बसवायला हवा. बोट आहे, पण तिच्या तळाला तडे आहेत. मोटारीच्या हादऱ्यानं ती दुभंगेल. पंप वीस तारखेच्या सुमारास येतोय. तोवर बोट पक्की झाली नाही तर गावाला प्यायला उरतो तो टँकर. घरटी दोन घागरी, तोही आला त्या दिवशी.

शाळेच्या खोलीत उतरलोय. सरपंच अमृतराव स्वतः खाट घेऊन आले. डबा धुरपताबाई आणतील. आपल्याच वस्तीतल्या. दारातूनच जयभीम केला आणि नांदेडात कुठं राहता, कुणाचे, लग्न झालं का, हे सगळं उंबऱ्यावर उभ्याउभ्या विचारून घेतलं. खिडकीतून तलाव दिसतो. म्हणजे तलावाची जागा.

७ मे

बोट पाहिली. सोळा फुटी, जुनी, जाड बांधणीची. पुराच्या साली नांदेडहून ट्रकवर आली ती परत गेलीच नाही. नव्या लातूर जिल्ह्याकडे स्वतःची बोट नव्हती. नांदेड म्हणतं, दिली. लातूर म्हणतं, मिळाली नाही. तीन वर्षं तिला कुणी हात लावला नाही.

तलावाच्या कोरड्या काठावर, गाळात, ती सुलटी ठेवलीय. तोंड आभाळाकडे. आत पाला, माती, मेलेले किडे. फायबरची बोट उघड्यावर ठेवायची तर पालथी घालून ठेवतात. पाणी साचत नाही, तळ सडत नाही. राखणदार मारोती भोई. पिढ्यान् पिढ्या गोदावरीवर नावा चालवणारं घर. त्याला हे ठाऊक नसेल असं नाही. विचारलं तर म्हणाला, हिला पालथी घालायची न्हाई, साहेब. का? न्हाई म्हंजी न्हाई.

९ मे

दोन दिवस वाया. तडे तळाला आहेत. तडा उकरून चर पाडायचा, त्यात रेझिनच्या चिकट द्रवात भिजवलेली काचेच्या धाग्यांची मॅट थरावर थर बसवायची. हे खालून वर करता येत नाही, रेझिन ओघळतं. बोट पालथी करावीच लागते. हे मी मारोतीला सांगितलं, अमृतरावांना सांगितलं, पारावर बसलेल्यांना सांगितलं. सगळे मान हलवतात. हात लावायला एकजण येत नाही. अमृतराव म्हणाले, तसंच उताणं ठिवून काही होत न्हाई का? मी म्हणालो, तुम्ही घराचं छप्पर घरात बसून शाकारता का? ते दुसरीकडे पाहायला लागले.

शेवटी टँकरवाल्याला धरलं. दोर बांधला, टँकरनं ओढली, बोट पालथी झाली. कडेखाली दगड सारून हातभर उचलून ठेवली. मारोती आधीच निघून गेला होता.

११ मे

वीज दिवसाला दोन तास. तीही कधी येईल सांगता येत नाही. ग्राइंडर हातात धरून बसून राहतो. काचेच्या भुकटीनं घसा बसलाय.

रंग घासून काढला. आता तडे नीट दिसतात, आणि ते मला कळत नाहीत. बोट दगडावर आपटली तर मार बाहेरून बसतो; बाहेर ठेचल्याची खूण आणि फाट आतल्या अंगाला. इथं उलटं आहे. ठेच आतून, फाट बाहेर. एका जागी नाही, तळभर. प्रत्येक ठेच मुठीएवढी.

मारोती म्हणतो, पुरात दगड लागला. दगड काय आत बसून आला होता का, मी विचारलं. तो हसला नाही.

१३ मे

काल चार तडे भरले. आज पाहतो तर त्यांच्या शेजारी तीन नवे. तेही आतून.

रेझिन घट्ट करणारं हार्डनर जुनं असेल असं आधी वाटलं. पण भरलेली जागा दगडासारखी घट्ट आहे. जुनं फायबर तिच्या कडेनं फुटलंय. कुणीतरी मुद्दाम करतंय. तलावाचं पाणी आलं तर टँकर बंद होईल. टँकरमध्ये कुणाकुणाचा हिस्सा असतो ते मी नांदेडात पाहिलंय. अमृतरावांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, इंजिनेर, त्या बोटीखाली घुसायची या गावात कुणाची छाती न्हाई. असं म्हणाले आणि आपण काय बोललो ते लक्षात आल्यासारखे घाईनं निघून गेले.

दुपारी तळ ठोकून पाहिला. आमच्या कामात तसं करतात. हातोडीच्या दांड्यानं हलके ठोके द्यायचे आणि ऐकायचं. घट्ट जागा टणक वाजते, थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो. मी तीन ठोके दिले. आवाज टणक. चौथा मी दिला नव्हता.

ऊन फार आहे. फायबर तापलं की वाजतं.

१४ मे

पुन्हा ठोकून पाहिलं. दोन दिले. दोन आले.

पाच दिले. पाच आले. मग थांबलो. तिकडून थांबले नाहीत.

१५ मे

धुरपताबाईंना विचारलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही नव्हतं त्यात. गावाला सगळं ठाऊक आहे. मीच तेवढा नवा.

पुराच्या दिवशी बोटीत आधी गावठाणातली माणसं बसली. मग वस्तीतल्या बाया दाटीवाटीनं चढल्या. झाडाला लागून बोट मध्येच उलटली. अमृतराव, मारोती आणि आणखी तिघं तळावर चढून बसले. बाया बोटीखाली अडकल्या. खाली हवा होती. त्या खालून ठोकत राहिल्या.

"आमी बांधावर उभ्या होतो. आवाज आमच्यापत्तुर येत होता," धुरपताबाई म्हणाल्या. "वरल्यांनी हलून वाट केली असती तर वरले गेले असते. ते पाय रोवून बसून राहिले. दिवस मावळला तवा आवाज बंद पडला. माझी सून केवळा खाली होती. तिच्या हाताची हाडं मोडली होती."

म्हणून ती सुलटी ठेवायची. पालथी झाली की आवाज येतो. आला तर कुणी ओ द्यायची नाही. का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ओ दिली की उठावं लागतं ना, बाबा."

तुम्हीपण देत नाही का, असं विचारणार होतो. विचारलं नाही. त्या घागर घेऊन टँकरच्या रांगेकडे निघाल्या होत्या.

१६ मे

निघून जावं असं मनात आलं. बस औशाहून आहे. पण डोहात पाणी आहे. मी उतरून पाहून आलोय. हिरवं आहे, पण पाणी आहे. मी गेलो तर दुसरा माणूस पाठवायला या दोन कचेऱ्यांना पावसाळा लागेल. आज रांगेत एक म्हातारी चक्कर येऊन पडली.

काम पुरं करायचं आणि बोट लगेच सुलटी करायची. एवढंच.

नव्या तड्यांवर दुप्पट थर देतोय. आतून कितीही मारलं तरी फुटता कामा नये.

१७ मे

काही चर आरपार गेले. तिथं मॅट खाली लोंबू नये म्हणून आतून पत्रा लावून टेकू द्यावा लागतो. त्यासाठी बोटीखाली सरपटत गेलो.

रंग घासल्यामुळे तळातून उजेड झिरपतो. मधाच्या रंगाचा. आत सगळं दिसतं. आणि वर, तळावर, सावल्या होत्या. बसलेल्या माणसांच्या. मांड्या, टाचा, टेकलेले तळहात.

बाहेर आलो. कुणी नव्हतं. तळ तापलेला होता, कुणी बसूच शकणार नाही इतका.

माझी पाठ भिजली होती. घामानं नाही. बोटीखालचा गाळ ओला आहे. आसपास मैलभर जमीन भेगाळलेली, आणि बोटीखाली तेवढा ओला.

१८ मे

नवा तडा नाही. माझे थर धरून आहेत. आवाज मात्र वाढलाय. दिवसाउजेडीही येतो. पारापर्यंत जातो.

अमृतराव आले. चेहरा पडलेला. बाया पाणी भरायला या वाटेनं यायला तयार नाहीत, म्हणाले. मी म्हणालो, उन्हानं फायबर वाजतं, सांगा सगळ्यांना, लक्ष देऊ नका. माझा मलाच राग आला. त्यांना मात्र ते इतकं आवडलं की दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, पंप परवा येतोय. त्याचं वजन तळ पेलतो का ते कसं बघायचं? मी सांगितलं, दगड काढून बोट सपाट टेकवायची आणि पाच-सहा जणांनी वर बसायचं. तिनं दम धरला की झालं.

हार्डनर संपत आलंय. जास्तीचं लागलं तर असावं म्हणून परवा सकाळी टँकरनं औशाला जाऊन आणतो, असं त्यांना सांगितलं.

१९ मे

झोप नाही. घसा पूर्ण बसला. बोललं तर नुसती हवा येते.

शेवटचा थर दिला. वाळला. ठोकून पाहायचं धाडस नाही —

धुरपताबाई डबा ठेवून गेल्या. बोटीकडे पाहिलं नाही. जाताना म्हणाल्या, लई घट्ट केलीस रे.

२० मे

टँकर आला नाही, औशाला जाणं राहिलं. सगळे पंपाची वाट पाहत वेशीवर गेलेत. तेवढ्यात आतले टेकू आणि पत्रे काढून घेतो, म्हणजे पंप आला की बोट लगेच सुलटी करता येईल. ही वही खिशातच आहे. आतल्या थरांची जाडी लिहून घ्यायची आहे.

आत आलो. दोन टेकू काढले. थर सुंदर बसलेत. एक बुडबुडा नाही.

—

तळ वजन पेलतो का बघायला आलेत; बाहेरून दगड काढले. एकामागून एक. मी ओरडलो, आवाज निघाला नाही. कड गाळात बसली.

त्यांना वाटतंय मी औशाला गेलो. मीच सांगितलं होतं.

वर चढताहेत. सावल्या. या वेळी माणसं खरी आहेत, बोलणं ऐकू येतंय.

—

ठोकलं. वर सगळे गप्प झाले. मग अमृतराव म्हणाले, काही न्हाई, उन्हानं वाजतंय, इंजिनेर सोता म्हणलाय. कुणीतरी हसलं. मारोती म्हणाला, ओ देऊ नका कुणी. बसून राहा.

बसून आहेत. टाचा दिसताहेत. रोवलेल्या.

—

कडेखाली उकरतो. ओला गाळ परत भरतो. पाणी गुडघ्यापर्यंत — इथं पाणी कुठून —

हातोडीचा दांडा मोडला. मुठीनं मारतोय. तळाला ओरखडासुद्धा नाही. दुप्पट थर. फुटणार नाही. पंप आरामात पेलेल. गावाला पाणी —

—

उजवीकडे कुणीतरी ठोकतंय. माझ्या खांद्याला खांदा लागतोय. डावीकडेही. बांगड्यांचा आवाज.

मी थांबलो की त्या थांबतात. मी मारलं की मारतात.

उजेड कमी होतोय. अक्षर दिसत नाही.

आता सगळ्या मिळून. एवढा मोठा आवाज आहे, बांधापर्यंत गेला असेल. धुरपताबाई बांधावर असतील. एकदा तरी कुणीतरी ओ