इंजिनवाला मरत नाही

प्रिय सूनबाई,

दर रविवारी तू येतेस, समोर बसतेस आणि तरी मी तुला पत्र लिहितेय, याचं तुला नवल वाटेल. मलाही वाटतंय. पण समोरासमोर आपण बोलतो काय, तर गुडघा कसा आहे, भाजी ताजी होती का, खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे गळणारं छत दुरुस्त झालं का. मग तू भांडी घासतेस, मी पुसते आणि तू निघतेस. माझा लेक होता तेव्हा रविवारी या घरात कुणाचं एक वाक्य धड पुरं व्हायचं नाही. आता आपण दोघीच, आणि दोघीही पाहुण्यासारख्या. लिहिताना निदान विषय बदलता येत नाही, म्हणून लिहिते.

माझं बरं चाललंय. म्हणजे झोप लागते, जेवण जातं, लॅबमध्ये जाते. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे येतात, मी त्यांवर मेणात दात बसवते आणि पुढे त्यांच्या कवळ्या होतात. हात आपोआप चालतात, त्यांना माझी गरज नसते. तो ऑफिसच्या जिन्यात बसला आणि उठलाच नाही, हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा माझ्या हातात कुणाची तरी वरची कवळी होती. मी ती आधी नीट डबीत ठेवली, डबीवर झाकण लावलं आणि मग स्टुलावर बसले. त्या दिवसाचं मला एवढंच लख्ख आठवतं. पुढे सगळे म्हणाले, रडून घ्या, मोकळं वाटेल. आलं नाही रडू. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. आपण आपलाच गाल चावतो, तोंडात रक्त येतं आणि कळत मात्र काही नाही. माझ्या थोरल्या जावेनं तर चारचौघींत म्हटलं की ही बाई दगडाची आहे. मला त्याचाही राग आला नाही.

तुम्ही दोघं ती बोटीवरच्या दवाखान्याची मालिका बघायचात, आठवतं? नदीनं गावोगाव फिरणारी बोट, तिच्यावर एक खडूस डॉक्टरीण, एक झोपाळू कप्तान, तो इंजिनवाला आणि रेडिओ सांभाळणारी त्याची बायको. तुम्ही सोफ्यावर असायचात, मी मागे जेवणाच्या टेबलाशी काही ना काही निवडत बसायचे. मी बघत नाही असं तुम्हाला वाटायचं, पण माझे कान तिकडेच असायचे. इंजिनाच्या खोलीत आग लागून तो इंजिनवाला मेला, त्या भागानंतर आपल्या चिरंजीवांनी घर डोक्यावर घेतलं होतं. एवढा बाप्या माणूस, पण आठवडाभर जेवताना तोच विषय. लेखकाला अक्कल नाही, वाल्व्ह बंद करायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नसतं, हा माणूस मरूच शकत नाही. तू म्हणाली होतीस, अहो, ती मालिका आहे. तो म्हणाला, म्हणूनच तर, मालिकेत तरी जगवायचं ना.

तू त्याचा टॅबलेट माझ्याकडे ठेवून गेलीस तो बरेच महिने कपाटावर धूळ खात होता. एका सुटीच्या दुपारी मी तो चार्जिंगला लावला. तुला हसू येईल, पण मला फक्त ती मालिका पुढे बघायची होती. त्यात शोधायच्या चौकटीत मी लिहिलं, इंजिनवाला मरत नाही. का लिहिलं, सांगता येणार नाही. बोटांनी लिहिलं. आणि समोर गोष्टी आल्या, शेकड्यांनी. एकीत त्यानं आगीतून उडी मारली होती, एकीत तो किनाऱ्यावरच्या कोळ्यांना सापडला होता, एकीत आग लागलीच नव्हती, त्या दिवशी त्याला सर्दी झाली म्हणून तो कामावर गेलाच नव्हता. ही मला सगळ्यांत आवडली. याला म्हणे फॅनफिक्शन म्हणतात. मालिका दुसऱ्याची, माणसं दुसऱ्याची, गोष्ट आपली. जगभरची रिकामटेकडी माणसं, असं मला आधी वाटलं. नंतर वाटलं, मीही रिकामीच की.

आत शिरायला नाव घ्यावं लागतं, खरं नको, कसलंही चालतं. मला पटकन सुचलं ते मी टाकलं: कवळी. झालं, तिथल्या लोकांनी त्याचा अर्थ कोवळी असा घेतला. त्यांची समजूत अशी की कुणी शाळकरी पोर आली आहे. नव्या माणसाचं स्वागत करायला तिथं एक जण असतो, त्याचं नाव भोंगा. त्यानं लिहिलं, ये गं कवळी, सांभाळून पाय टाक, या बोटीवर चढलेलं माणूस सहसा उतरत नाही. मग एकेक जण हात वर करत आला. नांगर म्हणाली, पहिली गोष्ट वाईट असते, माझी तर फारच होती, तेव्हा घाबरू नकोस. ओला टॉवेल नावाच्या एकानं मला शुद्धलेखन तपासून देईन म्हणून शब्द दिला. भोंग्यानं रीत समजावली. गोष्टीच्या डोक्यावर चिठ्ठी लावायची, म्हणजे वाचणाऱ्याला आत काय आहे ते आधीच कळतं. आपल्या बोटीवर सगळ्यांत जास्त चालणारी चिठ्ठी कुठली, तर 'मालिकेत गेलेला, इथं आहे'. मी ती ओळ वाचली आणि टॅबलेट उपडा ठेवून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तिथं काही केलं नाही. नुसती उभी राहिले.

मग मी गोष्ट लिहिली. इंजिनवाला उठतो, तोंड धुतो, पावाला लोणी लावतो, त्याची बायको त्याच्या समोर बसून चहा ओतते. झाली गोष्ट. वरच्या डाव्या सुळ्याशेजारचा त्याचा दात किंचित आत वळलेला आहे, त्यामुळे पावाचा कडक तुकडा तो नेहमी उजव्या बाजूनं चावतो, एवढं मात्र मी बारकाईनं लिहिलं. आपल्याकडे कुणाचा दात तसा होता, ते तुला सांगायला नको. भोंग्यानं लिहिलं, इतक्या वर्षांत इंजिनवाल्याच्या दातांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, तू कोण आहेस गं? शाळेत हे शिकवतात? तेव्हा मला खरं सांगणं भाग पडलं. लिहिलं की मी एकसष्ट वर्षांची आहे, कवळ्या बनवते आणि माझा मुलगा गेला. मग भोंग्याचं आलं, तर मग मी आता तुम्हाला अहो-जाहो करायचं का? मी म्हटलं, नको. मला अगं म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, तू चालू ठेव. त्यानं ठेवलं. तो बस चालवतो, वयानं साधारण आपल्या त्याच्याएवढाच असेल. सांत्वनाचं एक अक्षर कुणी लिहिलं नाही. फक्त म्हणाले, पुढचा भाग कधी टाकतेस?

मी टाकत गेले. जेवणाच्या सुटीत लॅबच्या मागच्या खोलीत, पॉलिशच्या मशीनशेजारी बसून लिहायचे. माझ्या हाताखालच्या मुलीला वाटलं मी प्रेमात पडले आहे, तसं तिनं विचारलंही. प्रत्येक भागात इंजिनवाला जिवंत. तो पंपाला वंगण घालतो, बटण तुटलेला सदरा घालतो, शिंकतो. आणि त्याची बायको त्याच्या शेजारी. चहा ओततेय, टॉवेल देतेय, दारात उभी आहे. लोक वाचायचे, छान म्हणायचे. मला काही वाटायचं नाही, पण भाग टाकला की त्या दिवशीचं जेवण थोडं चवीनं जायचं, एवढं खरं.

एक दिवस नांगरनं विचारलं, कवळी, रागावू नकोस, पण रेडिओवालीला काय हवंय? किती भाग झाले, ती बोटीवरून एकदाही खाली उतरली नाही. मी जरा तिखटच उत्तर दिलं. नवरा जिवंत आहे, तिला आणखी काय हवं असणार? नांगरनं वाद घातला नाही. एवढंच लिहिलं, मला माहीत नाही, म्हणून तर विचारलं.

त्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही. लॅबमध्ये त्या आठवड्यात एका दवाखान्यानं फक्त वरच्या जबड्याचा साचा पाठवला, खालचा पाठवायला विसरले. मी फोन करून सांगितलं की खालचा जबडा मिळाल्याशिवाय दात कुठं टेकायचे ते मला कळणार नाही. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. रेडिओवालीबद्दल मला काय माहीत होतं? ती घरी असताना काय गुणगुणते, तिला कशाची भीती वाटते, नवरा यायच्या आधी तिचं काय आयुष्य होतं, काही काही नाही. मी तिला चहाच्या किटलीशेजारी उभी करून ठेवली होती, आणि तीही बिचारी उभी होती, मला वाईट वाटेल म्हणून.

तेव्हा मी एक भाग तिच्यावर लिहिला. बोट एका धक्क्याला लागते, आणि ती उतरते. इंजिनवाला खाली इंजिनापाशीच आहे, त्याच्या हातांना वंगण आहे, तो वर येत नाही. ती शहरात चालत जाते. बुटाची टाच निघालेली असते ती ठोकून घेते. तोवर एका स्टुलावर अनवाणी बसते आणि चांभाराशी गप्पा मारते. तिचा आवाज मोठा आहे हे मला लिहिता लिहिता कळलं. ती मोठ्यानं हसते. मग संत्री घेते, एका बाकावर बसून सगळी एकटीच खाते आणि बोटीचा भोंगा वाजतो तरी लगेच उठत नाही. मी तिथंच थांबले. खाली खूप जणांनी लिहिलं. ओल्या टॉवेलनं लिहिलं की तो बसमध्ये वाचत होता आणि त्याचा थांबा निघून गेला. नांगर रडली म्हणे. मी नाही रडले. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझा विचार केला. त्याची बायको म्हणून नाही, तुझा.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. मागच्या रविवारी भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता, तू म्हणालीस की तुझ्या ऑफिसात नकाशे काढणारे एक जण आहेत, भले आहेत, त्यांनी तुला लग्नाचं विचारलंय. आणि म्हणालीस, आई, तुम्ही नाही म्हणालात तर मीही नाही म्हणेन. मी हातातलं ताट पुसत राहिले, ते कोरडं झाल्यावरही. तू पर्स उचललीस आणि गेलीस, आणि तुला वाटलं असेल की उत्तर मिळालं. नाही मिळालं, ते हे घे. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. वाईट वाटलं असंही लिहिता येत नाही. मला अजून कशाचंच काही वाटत नाही, आणि मला काही वाटेपर्यंत तू ताटकळत उभी राहावंस हे मला मान्य नाही. त्यांना हो म्हण. येत्या रविवारी इकडे येऊ नकोस, त्यांच्याबरोबर जिथं जावंसं वाटेल तिथं जा, आणि तिथं मोठ्यानं हसावंसं वाटलं तर हस. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ये, त्यांना घेऊन ये. मला आई म्हणायचं सोडू नकोस. टेबलाला खुर्च्या तीनच आहेत, तेवढ्या पुरतील.

तुझीच,
आई