भासऱ्यांचा हात

बुधवार, १३ जानेवारी १९५४. बल्लारपूर.

कुठं तोंड लपवू? खाणीचे साहेब मायदेशी चालले, तर निरोपाला त्यांच्या स्कॉटलंडचा नाच झाला पाहिजे, हा मेमसाहेबांचा हट्ट. चार बाया, चार बाप्ये, समोरासमोर दोन रांगा. यांनीच मला भरीला घातलं. म्हणे, "हात धरून गोल फिराचं, बस. काऊन भेतं तू?" पण या नाचात जोडीदार बदलत जातो, हे कोणी सांगितलंच नाही!

आज पहिली तालीम. तबकडी लागली. दोन फेऱ्या झाल्या आणि समोर भासरे आले, यांचे थोरले भाऊ. सहा वर्षं एका घरात आहोत, पण त्यांच्यापुढे माझा पदर कधी ढळला नाही; भासऱ्यांना शिवणं तर आमच्यात पापच. त्यांनी मान खाली घालून हात पुढे केला. मी चटका बसल्यासारखा माझा ओढून घेतला. सगळी रांग एकमेकांवर आदळली. मेमसाहेब घाबरून ओरडल्या, "इनके हाथ को क्या हुआ?" मग सगळे भासऱ्यांच्या हाताकडेच पाहत राहिले.

भासऱ्यांनी हात कोटाच्या खिशात घातला. घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

ताट वाढून ठेवलंय. हे आत्ताच सांगून गेले, "भाऊ जेवत नाई म्हन्ते."

उद्या पुन्हा तालीम. हात द्यावा तर सासूबाई घरात घेणार नाहीत. न द्यावा तर...

मर्यादाच पाळली ना मी? मग रडू का थांबत नाही? खरं काय ते इथंच लिहिते. ओढून घेण्याआधी बोटं लागली होती. तो हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.