चंपाची खुर्ची

११ सप्टेंबर २००६, सोमवार

आज पुन्हा पकडले गेले. मीटिंगमध्ये दत्तप्रसाद काहीतरी विचारत होता आणि मी निळ्या खुर्चीकडे बघत बसले होते. "अपेक्षा, आपण इथेच आहात, की निघालात कुठे?" सगळे हसले. पुण्याच्या माणसाने 'आपण' म्हटलं की समजावं, काहीतरी चुकलंय. एरवी आमच्यात सगळे एकेरीत. दत्तप्रसाद टीमचा प्रमुख, तरी त्याला 'अरे' म्हणायचं. कंपनीचा नियमच आहे तसा. माझी जीभ अजून अडखळते.

त्या खुर्चीबद्दल लिहायचं राहूनच गेलंय. कंपनीची पाच मूल्यं आहेत. हडपसरच्या ऑफिसात शिरल्या शिरल्या भिंतीवर दिसतात, हातभर अक्षरांत! पहिलं मूल्य — ग्राहक आपल्यात बसलेला आहे असं समजून काम करा. म्हणून मीटिंगच्या खोलीत एक निळी खुर्ची रिकामी ठेवायची. ग्राहकाच्या वतीने बोलायचं असेल त्याने तिच्यावर जाऊन बसायचं, आणि तो उठेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. साहेबानेसुद्धा. पहिल्या दिवशी हे ऐकून अंगावर काटा आला होता. वर्ष झालं. त्या खुर्चीवर आजवर फक्त टीममधल्या सौरभची बॅग बसली आहे.

मला मात्र तिथे कुणीतरी दिसतं. आमचं काम इंग्लंडातल्या एका संस्थेचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना औषधाच्या वेळी आपोआप फोन जाणार, रेकॉर्ड केलेला आवाज आठवण करून देणार. तर खुर्चीवर तशीच एक आजी. तपकिरी स्वेटर, मांडीवर मांजर, खिडकीबाहेर धुकं. इंग्रजी नाव सुचेना. चंपा ठेवलं.

२० सप्टेंबर

चंपाला मधुमेह आहे. सकाळी आठला इन्सुलिनची सुई, साडेआठला संस्थेची गाडी नाश्ता घेऊन येते. वेळा खऱ्या आहेत, यादीतल्या. मांजर तेवढं माझं.

सौरभला सांगून बसले! दिवसभर "चंपाबाई आल्या का? बॅग उचलू का?" चाललं होतं. पण उचलली त्याने.

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी. विश्रांतवाडीला आत्याच्या गच्चीवर बसून लिहिते आहे. नागपूरहून बाबांचा फोन आला, मागे गर्दीचा नुसता समुद्र. पन्नास वर्षं झाली. आजोबांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा बाबा त्यांच्या खांद्यावर होते. म्हणाले, "काय करून राहिली पोरी?" म्हटलं, कंपनीच्या पाच मूल्यांवर परवा परीक्षा आहे, पाठ करतेय. ते खूप हसले. मग म्हणाले, "आमच्या बाबाला लिहिता येत नव्हतं. पाठ नव्हत्या त्याला साऱ्या. पण पाळल्या."

फोन ठेवल्यावरही ती गर्दी कानात राहिली. आत्या खालून ओरडत होती, चहा थंड होतोय म्हणून.

५ ऑक्टोबर

तिकीट! ५ नोव्हेंबर, मुंबई ते लंडन. मी आणि दत्तप्रसाद. सहा महिने! आमच्या घरातून परदेशी जाणारी मी पहिलीच. आत्याने आधी डोळे पुसले, मग म्हणाली, "तिथे पोळ्या कोण लाटून देईल तुला?"

आणि दुसरी गंमत. सोमवारपासून साठ जणांना खरे फोन सुरू होतायत, आणि तिकडून यायचं रेकॉर्डिंग आलंच नाही. दत्तप्रसाद म्हणाला, तात्पुरता कुणाचातरी आवाज घाला. माझा घातला! "गुड मॉर्निंग. इट्स टाइम फॉर युअर मेडिसिन. टेक केअर." पहिल्यांदा रेल्वेच्या घोषणेसारखं झालं. मग डोळे मिटले आणि चंपाला सांगितलं. सौरभ म्हणाला, "टेक केअरला संत्र्याचा वास येतोय." येऊ दे.

९ ऑक्टोबर

साठच्या साठ फोन गेले. दुपारी आपल्याकडे साडेबारा वाजले तेव्हा तिकडे सकाळचे आठ. आम्ही डबे उघडून बसलो होतो. आत्ता या क्षणी कुणीतरी माझा आवाज ऐकतंय असं वाटून माझा घास हातातच राहिला.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

खोलीत संस्थेने पाठवलेलं कॅलेंडर आहे. ऑक्टोबरला मेंढ्यांचं चित्र. मीटिंग रटाळ होती, मी मेंढ्यांमागे टेकडी चढत होते. उतरता उतरता नजर खालच्या तारखांवर आली. २९ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत — घड्याळं एक तास मागे.

हिवाळ्यात तिकडची घड्याळं बदलतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मीटिंगची वेळ बदलते ना! पण फोनची वेळही बदलायला हवी हे एकालाही सुचलं नाही. मशीन पुण्यात, फरक कायमचा साडेचार तासांचा धरलेला. आपल्याकडे घड्याळ मागे पडतं ते फक्त सेल संपला की. २९ पासून आठचा फोन सातला जाणार. चंपा सातला सुई घेणार आणि पोटात अन्न जाणार साडेआठला. तोवर साखर उतरून ती कुठे पडली तर? मांजर काय करणार!

१६ ऑक्टोबर, सोमवार

बसले. निळ्या खुर्चीवर!

दोन दिवस ठरत नव्हतं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांपुढे तिकीट होतं. फोनांची रांग तीन महिन्यांची आधीच लावून बंद केलेली. तिला हात लावायचा तर संस्थेची परवानगी लागते, परवानगी मागायची तर चूक सांगावी लागते, आणि चूक सांगितली की कसलं लंडन!

तरी बसले. म्हणाले, "मी चंपा. एकटी असते. फोन वाजला की सुई घेते. २९ तारखेला तुम्ही मला एक तास आधी उठवणार आहात." कुणी हसलं नाही. कुणी मध्येही बोललं नाही, नियम पाळला सगळ्यांनी. मी उठल्यावर दत्तप्रसाद म्हणाला, "म्हातारी माणसं घड्याळ बघतात." म्हटलं, "फोनवरच विसंबा असं आपणच शिकवलंय त्यांना." तो वहीत बघत राहिला. "दिवाळीनंतर बघू. पुढचा मुद्दा."

भिंतीवरची अक्षरं घरी येताना बघितलीच नाहीत.

१८ ऑक्टोबर

खुर्चीवर पुन्हा बॅग.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आत्याकडे दिवाळी नसते, शेजारच्यांकडून आलेल्या करंज्या असतात. गच्चीवरून सगळी विश्रांतवाडी पणत्यांची दिसत होती. मला वाटलं, इतक्या खिडक्यांपैकी एक जरी चंपाची असती तर जिना उतरून सांगून आले असते — आजी, २९ला फोन आला तरी थांबा हं. एवढंच तर सांगायचं आहे. मध्ये समुद्र आहे म्हणून ते कठीण कसं काय झालं?

आत्याने विचारलं, "कुठं हरवली?" सगळं सांगितलं. ती लंडनबद्दल काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "माझी गोळी सकाळी चुकली होती मागल्या वर्षी. बाथरूमात पडली होती मी. आठवते?"

आठवतं.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

संस्थेच्या हेलनबाईंबरोबर दर गुरुवारी बोलणं असतं. टेबलाच्या मधोमध स्पीकरचा फोन, भोवती आम्ही. सगळं छान चाललंय, सगळं वेळेवर — दत्तप्रसाद सांगत होता. शेवटी बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी काही?

मी सौरभची बॅग उचलून खाली ठेवली. निळी खुर्ची ओढत फोनपाशी नेली. फरशीवर केवढा आवाज झाला! बसले. दत्तप्रसादने हात वर केला, तोंड उघडलं — आणि मिटलं. खुर्चीवर होते ना मी.

इंग्रजी मोडकंतोडकंच आलं. घड्याळं, आठचा फोन, सातची सुई, साडेआठची गाडी. चूक आमची आहे. मग बाईंचा आवाज — शनिवारनंतर एकही फोन जाऊ देऊ नका. दुरुस्ती होईपर्यंत सगळं बंद. रविवारी आमची माणसं घरोघरी जातील. आणि मग — हे आम्हाला आज का कळतंय?

त्याला उत्तर दत्तप्रसादने दिलं. "माझ्यामुळे."

२७ ऑक्टोबर

तिकिटं रद्द. दोन्ही. काम बंद पडलं म्हणून सौरभ बोलत नाही, डबाही वेगळा खाल्ला. मला टीममधून काढलंय; सोमवारी वरच्या मजल्यावर जायचंय, काम नसलेल्या लोकांत. आजपर्यंतच्या सगळ्या स्वप्नांत मी विमानात खिडकीशी असायचे. आज खूप रडले, बाथरूममध्ये, नळ सोडून.

संध्याकाळी दत्तप्रसाद दोन चहा घेऊन आला. मी चुकून "तुम्ही" म्हणाले. तो म्हणाला, "'तू'च म्हण. त्या दिवशी तू बसलीस तेव्हा मी मध्ये बोललो नाही. नियम पाळला. पण नंतरही बोललो नाही. माझं चुकलं." त्याच्या बायकोने, मागाहून जायचं म्हणून, मुलाला तिकडच्या थंडीसाठी कोट घेऊन ठेवला होता म्हणे. आम्ही चहा पीत खाली सोलापूर रस्त्यावरचे दिवे बघत राहिलो.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जेवली का?"

२९ ऑक्टोबर, रविवार

दुपारी साडेबाराला आत्याचं घड्याळ बघत बसले. आज तिकडे सातच वाजलेत. चंपा, झोप अजून.

३० ऑक्टोबर

हेलनबाईंची मेल दत्तप्रसादने वरच्या मजल्यावर पाठवली, स्वतःचा एक शब्दही न घालता. काल एकही फोन गेला नाही, साठही जण सुखरूप. खाली एक ओळ — डोरोथी नावाच्या आजींनी संस्थेला आपणहून फोन करून विचारलं, रोज सकाळी माझ्याशी बोलणारी ती मुलगी आज आली नाही, तिला बरं नाही का?

मी रेकॉर्डिंग आहे हे त्या आजीला माहीतच नाही!

तिने माझं काय नाव ठेवलं असेल?