पोटऱ्यांवरचे डाग

आबा, आज मी एका म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारली. भर दवाखान्यात, राजारामपुरीत, चार आयांच्या देखत. तुम्ही असता तर पहिली तुम्हाला बसली असती. डॉक्टरांनी माफीपत्र लिहून आणायला सांगितलंय. ते लिहायला बसले आणि तुम्हालाच लिहायला लागले.

म्हातारा कोडोलीचा. त्याची नात सातव्या महिन्यात जन्मली, दोन महिने आमच्या काचेच्या पेटीत होती. तिथली नर्स म्हणून मीच तिला नळीनं दूध पाजलंय. आता दीड वर्षाची आहे, पाय ताठ, उभी केली की चवड्यांवर. वजन करायला कपडे उतरवले तर दोन्ही पोटऱ्यांवर तापल्या विळ्याच्या टोकानं दिलेले तीन-तीन डाग. एकातून पू येत होता. तिची आई भिंतीकडं तोंड करून रडत होती. म्हातारा म्हणाला, "बैलाचा पाय धरला तर डाग देतोय न्हवं आम्ही? उतार पडतोय की! आमुशाला आणि एकदा देणार हाय." त्यावर माझा हात उठला.

मग त्याला बाकड्यावर बसवून पोरीच्या मेंदूचा फोटो दाखवला. म्हटलं, "बाबा, वायरीवर जसं वेष्टण, तसं मेंदूतल्या तंतूंवर चढतं, म्हणून तो भाग पांढरा. पोर लवकर बाहेर आलं, तेव्हा ते अजून चढायचंच होतं. मधेच रक्त, श्वास कमी पडला आणि पायांकडं निरोप नेणारे तंतूच दुखावले. पाय चांगले हाईत." त्यानं फोटोवर बोट टेकवलं. "म्हंजे पायात कायच न्हाई?" "न्हाई." "मग म्या जाळलं काय?" एवढं विचारून तो खाली फरशीवर बसला, आणि पुन्हा डाग देणार नाही म्हणून नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तुम्हाला हे विचारायची वेळच आली नाही, आबा. गडहिंग्लजला तेव्हा असला फोटो काढणारं कोण होतं?

तुमचा धाकटा लेक, माझा भाऊ, तोही सातव्या महिन्यातला. तो पाच वर्षांचा, मी अकराची. गोठ्यात शेणीच्या विस्तवात विळा लाल होतोय, तुम्ही म्हणताय, "धर गं पाय, हलू देऊ नगंस." मी त्याच्या मांड्यांवर बसते. चर्र आवाज येतो, तो माझ्या दंडाला चावतो, रक्त येतं, तरी मी सोडत नाही. नंतर तुम्हीच त्याच्या पोटरीला तूप लावलंत, गूळ भरवलात, आणि आठवड्यानं तो पुन्हा चवड्यांवर चालला तेव्हा "सोंग करतोय" म्हणून चाबकानं फोडलंत. मला तुमची चीड येते. अजून येते, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली तरी.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत, म्हणून सांगून टाकते. दुसऱ्यांदा डाग दिलात तेव्हा तुम्ही वैरण कापत होता, तुमच्या ध्यानीमनीही नव्हतं. रोज त्याला कडेवर घेऊन शाळेला जायचा मला कंटाळा आला होता. विळा विस्तवात मी घातला आणि तुम्हाला हाक मारली. धाकट्याला आजही वाटतं, विळा तुम्हीच तापवलात.