सीझन संपेपर्यंत

शनिवार, ८ मार्च
आमच्या बानी गावच्या मैदानावर मुलांच्या लीगचं उद्घाटन झालं. आठला बोलावलं, दहाला सुरू झालं. सगळ्या टीम बँडच्या मागून मैदानाला फेरी मारून आल्या. माझ्या विल्किनचा शर्ट गुडघ्यापर्यंत येतो. नऊ वर्षांचा वाटत नाही.

संध्याकाळी ला वेगाहून सासूबाईंचा फोन. माझी बायको नेरेइदा सप्टेंबरात गेल्यापासून दर आठवड्याला तेच. पोराला माझ्याकडे पाठव, इथे मामेभावंडं आहेत, तू एकटा काय काय बघशील. आज माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हटलं, बेसबॉल सुरू झालाय, पोरगं टीमला अर्ध्यावर सोडून कसं येईल? त्या गप्प झाल्या. या देशात बेसबॉलपुढे सासूही गप्प बसते. मग म्हणाल्या, "बरं सेर्विओ. सीझन संपला की पाठव. शब्द दे." दिला.

मला स्वतःला या खेळात रस नाही. शनिवारी त्याला सोडायचं आणि सरळ घरी यायचं.

शनिवार, १५ मार्च
घरी आलो नाही. यायला वाहन मिळालं नाही. पाहिलंही नाही, पण मिळालं नसतंच.

हरलो. विल्किन तिन्ही वेळा आउट. उजवीकडे लांब उभा केला होता. तिकडे चेंडू जात नाही म्हणून कोचने ठेवला असावा. एक गेला. विल्किन कुंपणापलीकडची बकरी बघत होता.

दोष त्याचा नाही. मी सर्व्हेयर आहे, अंतर मला नजरेने कळतं. चेंडू टाकणाऱ्याची, म्हणजे पिचरची, जागा पुढे सरकली आहे, त्यामुळे चेंडू लवकर येतो. कोच कीकोला शांतपणे समजावून सांगितलं. टायरचं दुकान आहे त्याचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देवानेच पाठवलं तुम्हाला, सर्व्हेयरसाहेब!"

शनिवार, २२ मार्च
देवाने कशासाठी पाठवलं ते आज कळलं. पहाटे उठून मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. पुढच्या शनिवारी स्पष्ट नाही म्हणायचं.

पिचरची जागा बरोबर करून घेतली. विल्किन पुन्हा तिन्ही वेळा आउट. ऊन डोळ्यांवर येतं, हे खरं कारण.

शनिवार, ५ एप्रिल
रेघा मारल्या. आमच्या पिचरची आई मिरेया मैदानाशेजारी पुऱ्या-करंज्या तळून विकते. आज सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, वर्षभर काळा शर्ट घालायचा तर घाला, पण सावलीत तरी बसा. तळून निघाल, आणि माझ्या कढईत आता जागा नाही." बायका खिदळल्या. मला दुखवटा आहे, माणसांत मिसळायचं नाही. यापुढे लांब बसायचं.

शनिवार, १२ एप्रिल
लांब बसलो. लाउडस्पीकर नेमका तिथेच निघाला. घरात सप्टेंबरपासून रेडिओ लावलेला नाही. दुसऱ्याने लावलेलं गाणं मोजायचं नाही, असं ठरवलं. मी पायाने ताल धरला होता असं मिरेया म्हणते. मुंग्या होत्या.

मंगळवार, २२ एप्रिल
सासूबाईंचा फोन. सीझन कधी संपतो? म्हटलं, जिंकत गेलो तर जून, जुलै. त्या म्हणाल्या, "जिंकत? तुम्ही खालून दुसरे आहात. विल्किनने सांगितलं मला."

विल्किन त्यांना सगळं सांगतो. मी त्याला काही विचारत नाही, त्याला त्रास नको म्हणून. नेरेइदाचा विषयही घरात काढत नाही. तिचे फोटो कपाटात ठेवले आहेत. पोरगं छान सावरतंय.

शनिवार, २६ एप्रिल
नीट विचार करून कीकोला बाजूला घेतलं. सांगितलं, विल्किनला बाकावर बसवा. त्याला कळलं नाही, परत सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं कोच आहे. पोराला खेळव म्हणून बाप लोक रडतात, शिव्या देतात. एकाने डुक्कर आणून बांधलं होतं दारात. खेळवू नका म्हणणारा बाप पहिलाच बघतोय." म्हटलं, टीमच्या हिताचं आहे. "हिताचं तर आहेच हो," तो म्हणाला, "मीच बोलत नव्हतो." लीगच्या नियमाने एकदा बॅटिंग द्यावीच लागते, तेवढी देईन म्हणाला.

हा निर्णय पूर्णपणे विल्किनच्या भल्याचा आहे.

शनिवार, १७ मे
लागोपाठ तिसरी मॅच जिंकलो! विल्किन बाकावर पाय हलवत बसतो. समाधानी दिसतो. पुढच्या शनिवारी सेमीफायनल, मग फायनल, मग प्रांताची स्पर्धा. जुलै सहज निघेल.

मी ओरडत होतो असं सगळे म्हणतात. घसा बसला आहे, पण तो धुळीने.

शनिवार, २४ मे
हरलो.

उद्या मातृदिन. मिरेयाने मॅचआधी सगळ्या पोरांच्या शर्टांना कागदी फुलं टाचली. आई आहे त्यांना लाल, विल्किनला पांढरं. मी ते काढून खिशात टाकलं. खेळताना टोचलं असतं. विल्किनने तिच्याकडून दुसरं मागून घेतलं आणि स्वतः लावलं.

शेवटच्या डावात एका धावेने मागे होतो. तिन्ही बेसवर आमची पोरं, दोन आउट, तिसऱ्याला खेळ खलास, आणि नियमाची बॅटिंग विल्किनची राहिलेली. कीकोने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पहिल्या दोन चेंडूंना विल्किनने बॅट फिरवली, लागली नाही. तिसरा सोडला की आउट. तिसरा मधोमध आला, हळू, ताटात वाढल्यासारखा. त्याने बॅट खांद्यावरून उचलली नाही.

येताना म्हटलं, अंपायर चुकला.

"नाही बाबा, बरोबर होता."

म्हटलं, ऊन फार होतं.

"ढग होते."

मी आणखी काही शोधत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "आजीकडे सगळे आईचं बोलतात."

बराच वेळ चाललो. मग म्हणाला, "मला बसवायला तुम्हीच सांगितलंत. मी ऐकलं होतं. राग नाही आला."

मी बोलायला हवं होतं, पण घर आलं.

शनिवार, ३१ मे
सासूबाई स्वतः न्यायला आल्या. सकाळच्या बसने दोघं गेले. बसमध्ये चढता चढता त्या त्याला सांगत होत्या, तुझ्या आईला लहानपणी घाटात उलट्या व्हायच्या, एकदा तर पाद्रीबाबांच्या टोपीत केली. विल्किन मोठ्याने हसला. मला हे माहीत नव्हतं. पुढचं ऐकायचं होतं, पण दार बंद झालं.

सीझन संपल्यामुळे शनिवार मोकळा मिळाला.

दुपारी नळाला पाणी आलं. टाकी भरून घेतली, एकट्याला पुरून उरेल.